दिगंबरचा दोन किलो दुबराज

दिगंबरच्या मेघाचा फोन आला तेव्हा मी एकट्यापुरते तांदूळ धूत होतो. सकाळचे नऊ-साडेनऊ झाले असतील. "काका, पापा नहीं रहे," एवढंच ती म्हणाली. ओल्या हातात फोन धरून मी उभा राहिलो. विचारलं, "केव्हा?" ती म्हणाली, "सुबह." मग तिनेच फोन ठेवला. पातेल्यातलं पाणी पांढरं झालं होतं. हल्ली पाकिटातून येणाऱ्या तांदळात खडा नसतो, कणी नसते, निवडावं काही लागत नाही. माझी बायको कुमुद गेल्यापासून तिचं तांदूळ निवडायचं ताट स्वयंपाकघराच्या फळीवर भिंतीला टेकून उभं आहे. फोन ठेवल्यावर माझं लक्ष पहिल्यांदा त्या ताटाकडे गेलं. मित्र गेल्याचं दुःख त्यानंतर आलं. हे लिहायला लाज वाटते, पण आज लाजेपायी काही गाळायचं नाही असं ठरवूनच बसलो आहे.

दिगंबर वैरागडे माझा शाळेपासूनचा मित्र. त्याचं घराणं भोसल्यांच्या अमलात नागपूरकडून इकडे छत्तीसगडात आलं आणि इथलंच झालं. रायपूरजवळच्या अभनपूरला त्यांची राइस मिल आहे. मी रायपूरच्या एका महाविद्यालयात वाणिज्य शिकवलं आणि तिथल्या तात्यापारा वस्तीतल्या याच घरात म्हातारा झालो. दिगंबरच्या तेराव्याला जमलेल्या मंडळींत एक ओळखीचे गृहस्थ माझ्या शेजारी बसले होते. ते हळू आवाजात म्हणाले, "माणूस दिलदार होता हो. फक्त त्या परदेशी मालात घसरला. दाखवला एक, पाठवला दुसरा." मी मान हलवली. गेली पंचवीस वर्षं हे वाक्य मी असंच मान हलवून ऐकत आलो आहे. ते वाक्य खोटं आहे. दिगंबरने जो माल दाखवायला दिला, तोच माल पाठवला. मधे जे घडलं ते माझ्या घरात घडलं, माझ्या हाताने घडलं, आणि ते मी कुणालाही सांगितलं नाही.

त्या काळी दिगंबर दर रविवारी गावातली कामं उरकून माझ्याकडे यायचा. पिवळट सदरा, खिशाला तीन-चार पेनं, आणि हातात कायम परखी. परखी म्हणजे पोत्यात खुपसून आतलं धान्य बाहेर काढायची टोकदार लोखंडी नळी. मिलवाल्यांच्या हातात ती असतेच, पण हा ती घेऊन देवळातसुद्धा जाईल असं कुमुद म्हणायची. परखीतून आलेले तांदूळ तळहातावर घ्यायचे, एक फुंकर मारायची, एक दाणा दाताखाली धरायचा आणि डोळे मिटायचे, ही त्याची सवय. आमच्या घरी आला की तो आमच्या डब्यातल्या तांदळालाही सोडायचा नाही. "वहिनी, हा कोणत्या नालायकानं दिला तुमाले?" असं विचारायचा, आणि पुढच्या रविवारी दुबराजचं पोतं दारात येऊन पडायचं. दुबराज हा आमच्याकडचा बारीक, वासाचा तांदूळ. एका घरी शिजला की चार घरांना कळतो.

मी वर्गात परदेशी बाजारात उतरण्याचे मार्ग शिकवायचो. बंदरावरच्या निर्यातदाराला माल विकून मोकळं व्हायचं, हा पहिला. तिकडे दलाल नेमायचा, हा दुसरा. आपण स्वतः थेट पाठवायचं, हा तिसरा. तिथल्या कुणाशी भागीदारी करायची, हा चौथा, आणि तिथेच जाऊन कारखाना टाकायचा, हा पाचवा. दिगंबरला ते पाच मार्ग पाठ झाले होते. मला चिडवायला तो ते बोटांवर मोजायचा. "मास्तर, तू पाचही रस्ते पोट्ट्यायले दाखवून राहिला, अन् सोता कधी टाटीबंधच्या पुढं गेला का बे?" टाटीबंध म्हणजे रायपूरची वेस, आणि हे खरंच होतं. मी आयुष्यात एक खिळासुद्धा परदेशी पाठवला नव्हता. पुस्तकं वाचून बोलणारा माणूस मी. त्याचा तांदूळ मात्र पहिल्या मार्गाने आधीपासूनच जात होता. विशाखापट्टणमचा एक निर्यातदार तो घ्यायचा, दुसऱ्या चार मिलच्या तांदळात मिसळायचा आणि आपलं नाव छापलेल्या पिशव्यांतून जहाजावर चढवायचा. दिगंबरला तेच खुपायचं. तो म्हणायचा, "माल माहा, वास माहा, अन् नाव त्याचं काहून?"

एक दिवस तो आला तो तिसरा मार्ग धरूनच. आखातातल्या एका मोठ्या धान्यव्यापाऱ्याचा पत्ता त्याने कुणाकडून तरी मिळवला होता. "पत्र तू लिही. इंग्रजी तुही, तांदूळ माहा." मी ते पत्र चार वेळा लिहिलं. उत्तर आलं की दोन किलो नमुना पाठवा, पसंत पडला तर एक कंटेनर घेऊ, आणि आलेला माल नमुन्याशी ताडून पाहू. दिगंबरने त्याच दिवशी रचलेल्या थप्पीतल्या वेगवेगळ्या पोत्यांत परखी घातली, जे आलं ते कापडी पिशवीत भरलं, सुतळीने तोंड बांधलं आणि पिशवी माझ्या हातात दिली. "हात लावू नको. जसा आहे तसा पाठव. आपल्या चाळणीतून जेवढी कणी सुटते, तेवढी त्यालेही दिसू दे." मी हो म्हणालो. तो शनिवार होता, त्यामुळे त्या रविवारी दिगंबर पुन्हा यायचा नव्हता. पार्सल सोमवारी जाणार होतं. पिशवी दीड दिवस माझ्या घरात राहिली.

रविवारी दुपारी कुमुदने पिशवी पाहिली. तिने सुतळी सोडली, मूठभर तांदूळ ताटात घेतले आणि म्हणाली, "हे असं पाठवणार? परक्याच्या घरी?" आमच्याकडून कुणाच्याही घरी न निवडलेले तांदूळ गेले नाहीत. ब्राह्मणाला शिधा द्यायचा तर निवडून, शेजारी वाटीभर उसने द्यायचे तर निवडून. तिच्या आईने तिला असं वाढवलं होतं आणि तिच्या लेखी समुद्रापलीकडचा तो व्यापारी हा एक लांबचा पाहुणाच होता. तिची यात काहीही चूक नाही. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण तीही आता नाही. नमुना म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. नमुना मालापेक्षा चांगला असला तर ती फसवणूक ठरते, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहीत होतो. मी "राहू दे" असं म्हणालोही, पण अर्धवट म्हणालो. मग मला ते उत्तर डोळ्यांसमोर दिसायला लागलं... नमुना पसंत आहे, असं लिहिलेलं. माझ्या पत्राला आलेलं. आयुष्यात पहिल्यांदा मी शिकवलेलं काहीतरी खरोखर घडणार होतं. मी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि तिच्यासमोर मांडी घालून बसलो.

दुपारभर आम्ही दोघं निवडत होतो. ती गाणं गुणगुणत होती. कणी एकीकडे, अख्खा दाणा एकीकडे. संध्याकाळी ताटात जे उरलं ते मोत्यांसारखं दिसत होतं. पिशवी थोडी रिकामी वाटायला लागली, तर कुमुदने दिगंबरनेच दिलेल्या आमच्या पोत्यातले तांदूळ निवडून ती भरली. मी सुतळी बांधली. दिगंबरने मारली होती तशीच गाठ मारायचा प्रयत्न केला. त्या गाठीवरूनच मला कळायला हवं होतं की आपण काय करतो आहोत.

पसंतीचं पत्र आलं तेव्हा दिगंबर लहान मुलासारखा नाचला. त्याने पोत्यांवर निळ्या शाईत छापून घेतलं, वर दुबराज आणि खाली अभनपूर. "मास्तर, तिकडचा माणूस हे वाचन अन् विचारन का हे अभनपूर कुठं आलं!" माल भरायच्या दिवसांत मात्र मेघा तापाने फणफणली. ती त्याची उशिरा झालेली एकुलती एक पोरगी, तेव्हा नऊ वर्षांची. दिगंबर दोन दिवस दवाखान्यात तिच्या उशाशी बसून राहिला आणि ते दोन दिवस मिल मिस्त्रीच्या भरवशावर चालली. मिस्त्रीने मालात काहीही वावगं केलं नव्हतं. पण पुढे सगळा दोष येऊन बसायला त्या दोन दिवसांची जागा तयार झाली.

महिना-सव्वा महिन्याने पत्र आलं ते माझ्याच पत्त्यावर आलं. आलेल्या मालात कणी नमुन्यापेक्षा कितीतरी जास्त आहे, माल आम्ही स्वीकारत नाही, आणि यापुढे आपल्याशी व्यवहार नाही. दोन ओळी होत्या. मी ते पत्र खिशात घालून बसने अभनपूरला गेलो आणि मिलच्या ओट्यावर उभ्याने त्याला मराठीत सांगितलं. त्याने मिलचा पट्टा बंद केला. मग विचारलं, "मास्तर, नमुना तू बांधून पाठवला. त्यात कणी कितीक होती रे? तुले आठवते?"

तेव्हा सांगायचं होतं. मिलचा पट्टा बंद होता, आम्ही दोघंच होतो, तो माझ्याकडे बघत होता... मी म्हणालो, "आठवत नाही. मी उघडून पाहिलं नाही."

"हव," तो म्हणाला. ओट्यावरचे दोन-चार दाणे उचलून त्याने तळहातावर घेतले. मग म्हणाला, "म्हणजे त्या दोन दिवसांतच झालं. मीच नोहोतो इथं." मिस्त्रीला त्याने शब्दाने दुखावलं नाही. ओट्यावरून उतरून तो चाळण्या तपासायला गेला. त्या धड होत्या, पण त्याने त्या सगळ्या बदलल्या.

माल तिकडेच मिळेल त्याला देऊन टाकावा लागला. ते नुकसान त्याने सोसलं आणि त्याबद्दल माझ्याशी पुन्हा बोलला नाही. पण नाव गेलं ते गेलंच. गाव लहान नसलं तरी व्यापाऱ्यांचं जग लहान असतं. एकदा त्याच्या भाचीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला आम्ही दोघं पंडरीच्या कापडबाजारात गेलो होतो. दुकानदार ओळखीचा. साडी उलगडून दाखवत तो हसत म्हणाला, "भैया, हमारे यहाँ जो दिखाते हैं, वही बाँधते हैं." दुकानातली दोन-चार माणसं हसली. दिगंबरही हसला. म्हणाला, "बांध भाऊ, तुह्यावर भरोसा आहे." मी साडीचा काठ बोटांत धरून त्याचे धागे मोजत असल्यासारखा उभा होतो. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "चाय पिऊ," आणि चहा पिताना दुसऱ्याच विषयावर बोलला. त्यानंतर त्याने परदेशी कधीही माल पाठवला नाही. पुन्हा विशाखापट्टणमच्या निर्यातदाराकडे तांदूळ जायला लागला, चार मिलच्या तांदळात मिसळून, दुसऱ्याच्या नावाने. निळ्या शाईची उरलेली पोती मिलच्या कोपऱ्यात बरीच वर्षं पडून होती. पुढे ती फाडून पायपुसणी झाली.

आणि मी काय केलं? मी ते उदाहरण म्हणून शिकवलं. आधी एकदा बोलता बोलता तोंडून गेलं, मुलांनी कान टवकारले, तेव्हापासून दर वर्षी त्या धड्यात मी सांगायला लागलो, "आपल्याच शहराजवळच्या एका मिलवाल्याने थेट निर्यातीचा मार्ग धरला. नमुना उत्तम पाठवला, माल हलका पाठवला, आणि एका खेपेत बाजार गमावला." नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. आज विचार करतो की मी असं का केलं असेल... मला वाटतं, तीच गोष्ट वर्षानुवर्षं सांगून मी ती स्वतःला पटवत होतो. एका वर्षी मी ते सांगत असताना माझं लक्ष तिसऱ्या बाकाकडे गेलं. मेघा बसली होती. ती त्या वर्षी आमच्याच महाविद्यालयात आली होती, हे मला माहीत होतं, तरी तोंडाला लागलेली गोष्ट सुरूच राहिली. तिने खाली मान घातली आणि मी सांगत होतो ते वहीत उतरवून घेतलं. मी वाक्य अर्ध्यावर सोडलं नाही. पूर्ण केलं.

कुमुद शेवटपर्यंत अधूनमधून म्हणायची, "मी तर एकही कणी राहू दिली नव्हती हो. तरी कसं परत आलं?" मी म्हणायचो, "बाजार असाच असतो." तिला खरं सांगितलं तर तिला आयुष्यभर टोचेल, म्हणून मी गप्प आहे, अशी माझी समजूत मी करून घेतली होती. ती गेल्यावर तेही कारण उरलं नाही. तरी मी गप्पच राहिलो.

शेवटचं भेटलो ते तो जायच्या महिनाभर आधी, अभनपूरच्या त्याच्या घरी. उजवी बाजू लुळी पडली होती. परखी पलंगाशेजारच्या खुंटीला अडकवलेली. मी बसताच त्याने डावा हात पुढे केला आणि उशाशी ठेवलेल्या वाटीकडे खूण केली. मी चिमूटभर तांदूळ त्याच्या तळहातावर ठेवले. त्याने फुंकर मारली. ती नीट लागली नाही, दाणे चादरीवर सांडले. तो हसला. "मास्तर, तुह्या पुस्तकात कितीक रस्ते होते रे?"

"पाच."

"अन् वापस यायचा?"

"तो नव्हता पुस्तकात."

"मंग कायचं पुस्तक बे ते!" एवढं बोलून त्याला दम लागला. थोड्या वेळाने तो म्हणाला, "एक काम कर माहं. मेघाच्या मनात बसलं आहे का तिच्या तापापायी माहा माल वापस आला. लहानपणी मीच एकदा बोलून गेलो होतो, तू बिमार होती म्हणून मी मिलवर नोहोतो. पोट्टीनं धरून ठेवलं. मी किती खेप सांगितलं, आयकत नाही. तू मास्तर आहे तिचा. तू सांगजो, तिच्या तापाचं काही नोहोतं त्यात."

मी विचारलं, "मग कशाचं होतं?"

हे मी का विचारलं ते मला आजही सांगता येत नाही. तो माझ्याकडे पाहत राहिला. त्याच्या नजरेत मला काही शोधता आलं नाही. "मले माईत नाही," तो म्हणाला आणि डोळे मिटले. मी त्याच्या चादरीवरचे दाणे एकेक करून वेचले, वाटीत टाकले आणि निघून आलो. त्याच्या घरापासून बसथांब्यापर्यंत दहा मिनिटांचा रस्ता आहे. त्या दहा मिनिटांत मी दोनदा परत फिरलो आणि दोनदा पुन्हा थांब्याकडे वळलो... मग बस आली.

तेराव्याची मंडळी गेल्यावर मी मेघाला सगळं सांगितलं. ती पस्तिशीची आहे, मिल तीच चालवते. माझं मराठी तिला कळतं, उत्तर हिंदीत देते. ती पापड-सांडग्यांचे डबे आवरत होती. पिशवी, ताट, कुमुद, गाठ, पत्र, मिलचा ओटा, सगळं मी एका दमात सांगून टाकलं. तिच्या हातातलं झाकण तसंच राहिलं. तिने विचारलं, "मतलब मेरे बुखार से कुछ नहीं हुआ था?" मी नाही म्हणालो. तिने झाकण लावलं, डबा फळीवर ठेवला आणि आत निघून गेली. मी बाहेरच्या खोलीत अर्धा तास बसलो. ती आली नाही. मग मी माझा मी निघालो.

तीन आठवडे तिचा फोन नव्हता. करायची माझी हिंमत नव्हती. घरात दिवसभर कुणी हाक मारणारं नसलं की माणूस आपल्याच पावलांचा आवाज ऐकायला लागतो. मागच्या बुधवारी मी बस धरून मिलवर गेलो. मेघा थप्पीपाशी उभी होती, हातात बापाची परखी. मला पाहून ती या म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी म्हणालो, "मेघा, मला माफ करता येईल का ते मी विचारत नाही. मी काय करू, एवढं सांग."

ती म्हणाली, "मुझे अकेले में बता दिया, काका, उससे क्या होगा? क्लास में तो आपने खड़े होकर बताया था. अब भी खड़े होकर बताइए." मग तिने समोरच्या पोत्यात परखी खुपसली, नळीतून उतरलेले तांदूळ तळहातावर घेतले आणि फुंकर मारली, अगदी तशीच. चार-पाच पोत्यांतून काढून तिने एक कापडी पिशवी भरली, सुतळीने बांधली आणि माझ्या हातात दिली. "ले जाइए. जैसा है, वैसा ही." तिचा आवाज कोरडा होता. ती पुन्हा कामाला लागली आणि मी पिशवी छातीशी धरून परत आलो.

आता वर्ग नाही, फळा नाही, उभं राहायला ही एवढी छापील जागा आहे. माझ्यापुढे बाकांवर बसलेली मुलं आज कुठे कुठे दुकानं, कचेऱ्या, कारखाने सांभाळत असतील. त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर त्याने वहीतलं ते उदाहरण खोडावं. तो मिलवाला दिगंबर वैरागडे होता. त्याने जो माल दाखवला तोच पाठवला. नमुना निवडला तो मी, आणि आठवत नाही म्हणालो तोही मीच.

एवढं लिहून झाल्यावर मी कुमुदचं ताट फळीवरून काढलं, पुसलं आणि मेघाने दिलेल्या पिशवीची सुतळी सोडली. तांदूळ ताटात ओतले तसा दुबराजचा वास खोलीभर पसरला. दाण्यांत कणी होती. दिगंबर म्हणायचा तशी, त्याच्या चाळणीतून सुटायची तेवढी. माझं बोट पुढे गेलं आणि त्याने एक कणी ताटाच्या काठाला सारलीसुद्धा. समोर मांडी घालून बसायला कुणी नव्हतं. मी ती कणी उचलली, परत ढिगात टाकली, सगळे तांदूळ पुन्हा पिशवीत भरले आणि तोंड बांधलं. गाठ या वेळी माझीच होती.